ओल्या हवेतली बारा अंडी

मला येणारे निम्मे फोन एकाच वाक्याने सुरू होतात. ‘काका, एकवीस दिवस उलटून गेले, पिल्लं काही बाहेर आली नाहीत.’ मी विचारतो, पाणी किती घातलंत? पलीकडचा माणूस जरा अभिमानानेच सांगतो, भरपूर घातलं, एक दिवस कमी पडू दिलं नाही. तिथेच मला कळतं काय झालं असणार ते. पण फोनवर एकदम तसं सांगायचं कसं? मी म्हणतो, पेटी घेऊन या, बघू.

मी घरगुती अंडी उबवायच्या पेट्या बनवतो आणि बिघडलेल्या दुरुस्त करतो. लालबागला माझा छोटासा गाळा आहे. शेजारी मिरच्या कांडतात, त्यामुळे माझ्याकडची पेटी घरी नेली की पहिले दोन दिवस मसाल्याचा वास येतो अशी गिऱ्हाइकांची तक्रार असते. त्याआधी मी परळच्या एका कापडगिरणीत हवा दमट ठेवणाऱ्या प्लांटवर होतो. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून सूतखात्यात पाण्याचे बारीक फवारे मारून हवा ओली ठेवत. ती नेमकी किती ओली ठेवायची, हे बघणं माझं काम. गिरणी गेली, मग मी फ्रिज, कूलर, एसी करत राहिलो, आणि एकदा कर्जतला शेतघर असलेल्या एका गिऱ्हाइकाने बंद पडलेला इन्क्युबेटर आणून दिला. तेव्हापासून सुताच्या जागी अंडी आली. हवेतलं पाणी तेच राहिलं.

मुंबईत कोण अंडी उबवतं, असं मला बरेच जण हसून विचारतात. उबवतात हो. लाव्हे पाळणारे आहेत, बदकांचे शौकीन आहेत, गावच्या घरी न्यायला पिल्लं हवीत म्हणून इथे पेटी लावणारे आहेत. वरळीच्या बीडीडी चाळीतून नव्या टॉवरमध्ये गेलेले एक गृहस्थ माझे जुने गिऱ्हाईक. चाळीत असताना त्यांच्या पेटीतून पिल्लं अगदी बिनबोभाट निघायची. वरच्या मजल्यावर गेले, एसी लावला, आणि सगळी पिल्लं अंड्यातच वाळून गेली. त्यांना वाटलं जागा लाभत नाही. मी जाऊन एसीखालून पेटी हलवली, पाण्याचा रुंद ट्रे ठेवला, तेव्हा कुठे जागा लाभली. रे रोडच्या एका लाकूडवाल्याने तर ओलाव्यासाठी पेटीवर भिजवलेलं गोणपाट टाकलं होतं. पंखा घुसमटून बंद पडला. अंडी शिजली नाहीत एवढंच.

ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अंड्याच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो भोकं असतात. त्यांतून आतलं पाणी हळूहळू उडून जातं, आणि ते जायलाच हवं. जितकं पाणी जाईल तितकी अंड्याच्या जाड टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. शेवटी पिल्लू आधी त्या पोकळीत चोच खुपसतं आणि पहिला श्वास तिथे घेतं. कवच फोडण्याचं काम त्यानंतरचं. पेटीतली हवा फार ओली असली तर पाणी उडत नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू फुगतं आणि श्वासाला जागा न मिळून आतल्या आत बुडतं. हवा फार कोरडी असली तर कवचाखालचा पापुद्रा सुकून पिल्लाभोवती आवळला जातो. म्हणून बहुतेक दिवस हवा मध्यम ठेवायची आणि शेवटचे तीन दिवस चांगली ओली करायची. अंड्यांवर खुडूक बसलेल्या कोंबडीला हे कोणी शिकवत नाही. माणसाला मात्र ओलावा मोजायचा मीटर लागतो, आणि तो मीटरही खोटं बोलतो.

या धंद्यातल्या पुष्कळ गोष्टी सांगता येतील, पण मला सांगायची आहे ती माझगावची.

रेजिना आंटी माझगावच्या एका जुन्या गल्लीत एकट्या राहतात. बैठं कौलारू घर, मागे फरशी घातलेलं छोटं अंगण. वयाने माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या, पण सगळी गल्ली आंटी म्हणते म्हणून मीही म्हणतो. त्यांचे वडील गोदीत कामाला होते, तेव्हापासून त्या अंगणात कोंबड्या आहेत. आईने वाढवल्या, मग धाकट्या बहिणीने. बहीण गेल्यावर आंटींनी. दरवेळी जुन्या कोंबडीखालून नवी पिल्लं, बाहेरून एकही आणलेली नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. आवाज अगदी कोरडा. म्हणाल्या, मशीन चालू आहे, पण मला भरवसा वाटत नाही, तुमी येऊन बघा.

गेलो. टेबलावर परदेशी बनावटीची पिवळी पेटी होती, भाच्याने आखातातून पाठवलेली. आत बारा अंडी. आंटींनी मला खुर्ची दिली आणि काय झालं ते सांगितलं. त्यांच्या कोंबड्या आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, खुडूक बसतच नव्हत्या. म्हणून पेटी. पावसाच्या सुरुवातीला पहिली अंडी लावली, एकही पिल्लू निघालं नाही. फोडून बघितलं तर पुरी वाढलेली, पण ओलीचिंब, फुगलेली आणि मेलेली. दुसऱ्यांदा लावावी म्हणून अंडी जमवायला लागल्या तोवर कोंबडाच गेला. गेला म्हणजे, पाठवावा लागला. शेजारच्या नव्या इमारतीतून तक्रार आली होती. पहिल्या मजल्यावर राहणारी एक नर्स रात्रपाळी करून सकाळी झोपायची, आणि हा दिवसभर आरवायचा. सोसायटीचा सेक्रेटरी दोनदा येऊन मोठ्याने बोलून गेला. तिसऱ्यांदा यायच्या आत आंटींनी कोंबडा उत्तनच्या चुलत भावाकडे पाठवला. तिथे त्याला आठवड्याभरात कुत्र्याने धरलं.

कोंबडा गेल्यावरही काही दिवस कोंबड्या फळलेली अंडी देतात. तेवढ्या दिवसांत जमवलेली ही बारा. यानंतरच्या अंड्यांचं फक्त ऑम्लेट होणार होतं.

‘ही गेली की संपलं,’ आंटी म्हणाल्या. त्यात रडगाणं नव्हतं. दूध संपलं, असं सांगावं तशा म्हणाल्या.

मी पेटीकडे पाहिलं. पाण्याच्या दोन्ही खाचा काठोकाठ. सोबतच्या पुस्तकात तसंच लिहिलं होतं, आणि ते लिहिणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या देशातली हवा कोरडी असेल. माझगावला पावसाळ्यात भिंतीलाही घाम फुटतो. तिथे या दिवसांत पेटीत पाण्याचा थेंब घातला नाही तरी चालतं, हे त्याला कुठून माहीत असणार? पेटीवरचा आकडा साठ दाखवत होता, त्यामुळे आंटी निर्धास्त होत्या. मी माझा मीटर आत ठेवला. हा मी दरवर्षी मिठावर तपासून घेतो. बाटलीच्या झाकणात चिखलासारखं ओलं केलेलं मीठ घ्यायचं आणि मीटरसकट बरणीत घट्ट बंद करायचं. रात्रभराने मीटरवर पंचाहत्तर आले तर तो खरा. यापेक्षा स्वस्त आणि चोख परीक्षा मला माहीत नाही. माझ्या मीटरने आंटींच्या पेटीत पंचाहत्तर दाखवले.

खिडक्या लावून आम्ही अंधार केला आणि एकेक अंडं टॉर्चवर धरलं. एक वांझ निघालं. बाकीच्या अकरांत लाल शिरांचं जाळं दिसत होतं, आत काळी सावली हलत होती. आंटींनी इतक्या नीट कधी पाहिलं नव्हतं. त्या चष्मा काढून अगदी जवळ आल्या. पण जाड टोकाची पोकळी रुपयाएवढीही नव्हती. दोन आठवडे झाल्यावर ती जवळजवळ दुप्पट हवी होती. पहिली पिल्लं कशाने मेली ते मला कळलं, आणि हीही त्याच वाटेवर होती.

मी खाचांतलं पाणी उपसून टाकलं, झडप पूर्ण उघडली. तासाभराने मीटर खाली आला, पण साठाच्या आसपास येऊन अडकला. बाहेरची हवाच ओली, पेटी तरी किती सुकणार? हातात होते चार दिवस. तेवढ्यात अंड्यांमधलं साचलेलं पाणी काढायचं तर एकच उपाय, पेटी एसी चालणाऱ्या खोलीत न्यायची. आंटींकडे एसी नाही. लालबागला नेण्यासारखी जागा होती, पण त्या खड्ड्यांतून टॅक्सीने अर्धवट वाढलेली अंडी नेणं मला पटेना.

मी विचारलं, जवळपास कोणाकडे दिवसभर एसी चालतो? आंटींनी अंगणाच्या भिंतीपलीकडे, पहिल्या मजल्यावरच्या बंद खिडकीकडे मान वळवली. एसीच्या पाइपमधून त्यांच्याच अंगणात पाणी ठिबकत होतं.

त्या पोरीच्या दारात मी जाणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग मीच गेलो.

दार उघडलं ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी, झोपेतून उठलेली. प्राजक्ता सावंत. मी कोण, कशासाठी आलो ते सांगितलं. सावंत ऐकून मी विचारलं, गाव कुठलं. कणकवलीच्या पुढे, म्हणाली. मीही तिकडचाच, परब, असं सांगितल्यावर तिने दार जरा मोठं उघडलं. कोंबड्याचं काय झालं ते मी सांगितलं, तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला.

‘कोंबडो पाठवा असां मी म्हणाकच नाय, काका,’ ती एकदम मालवणीवर आली. ‘मी फक्त विचारलेलां, सकाळी थोडो वेळ झाकून ठेवशात काय. माझ्या आजीकडे धा कोंबडे आसत.’

सेक्रेटरीने बाकीचं आपल्या पदरचं घातलं होतं. आपल्याकडे मधला माणूस असला की असं होतं. मी पेटीचं विचारलं, तर तिने पुढचं काही न विचारता कपाटाशेजारचं स्टूल रिकामं केलं. तिची रूममेट दिवसपाळीला आणि ही रात्रपाळीला, त्यामुळे त्या खोलीतल्या एसीला सुट्टी नसे. माझ्या कामाची तशी खोली सगळ्या माझगावात दुसरी नसेल.

आम्ही पेटी हळूहळू जिना चढवून नेली. आंटी फाटकापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. प्राजक्ता खाली आली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

संध्याकाळपर्यंत पेटीतला मीटर तिशीवर आला. एरवी मी इतकी कोरडी हवा बघून घाबरलो असतो. इथे ती औषधासारखी द्यायची होती, मोजून. मी रोज लालबागहून जाऊन अंडी टॉर्चवर धरायचो. पोकळीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारायचो. रेघ रोज थोडी खाली सरकत होती. प्राजक्ताही बघायला बसायची. ती परळच्या एका इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात होती. तिने मला एक गोष्ट सांगितली, जी इतकी वर्षं या धंद्यात असून मला ठाऊक नव्हती. त्या बाळांच्या काचेच्या पेट्यांनाही ओलावा द्यावा लागतो. कातडी इतकी पातळ असते की अंगातलं पाणी उडून जातं. ती रोज रात्री तोच आकडा बघते, जो मी दिवसा बघतो. हे सांगताना ती अंड्यांकडे बघत होती.

मी खाली येऊन आंटींना रेघ कुठवर आली ते सांगायचो. त्या ऐकून घ्यायच्या. एक दिवस त्यांनी विचारलं, तिला पेटीतल्या पंख्याचा आवाज होत असेल ना झोपताना? मी म्हटलं, होत असेल, पण बोलली नाही काही.

चार दिवसांनी पोकळी हवी तेवढी झाली. आता उलट खेळ. शेवटच्या दिवसांना भरपूर ओलावा लागतो, आणि तो आंटींच्या घरात फुकट होता. पेटी परत खाली आणली, खाचांत कोमट पाणी भरलं, झाकण लावलं. मी आंटींना बजावलं, आता काही झालं तरी झाकण उघडायचं नाही. उघडलं की वाफ निघून जाते आणि अर्धवट बाहेर आलेल्या पिल्लांचा पापुद्रा सुकतो. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. माझ्या धंद्यातला हा सगळ्यात पक्का नियम.

पहिल्या अंड्याला तडा गेला तेव्हा आंटींचा फोन आला. आवाज कोरडा राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचलो तर सहा पिल्लं बाहेर येऊन एकमेकांवर धडपडत होती. आणखी दोन अंड्यांना नुकती भोकं पडलेली. दोन अंडी शांत होती, ती शांतच राहिली. आणि एक अडकलं होतं. आदल्या संध्याकाळपासून त्याचं भोक तेवढंच होतं. आत चोच उघडमीट करताना दिसत होती. पंख्याचा झोत नेमका त्याच कोपऱ्यात होता.

प्राजक्ता तिथेच होती. मी यायच्या बरीच आधी आली असावी. दारापाशी उभी होती, आत येऊन बसलेली नव्हती. तिने पुढे होऊन झाकणाच्या काचेतून बोट दाखवलं. भोकाच्या कडेचा पापुद्रा पांढरा राहिला नव्हता, पिवळट होऊन ताणला गेला होता.

मी म्हटलं, थांबायचं. एकासाठी झाकण उघडलं तर मागची दोन जातील.

‘आम्ही पण थांबतो काका,’ ती म्हणाली, ‘पण नुसतं बघत नाही थांबत.’

आंटी माझ्याकडे बघत होत्या, मशीनवाला माणूस काय सांगतो म्हणून. मग प्राजक्ताने विचारलं, न्हाणीत गरम पाणी आहे का? ओलावा पेटीतून बाहेर पळतो ना, मग पेटीच ओल्या खोलीत न्यायची. खोली पेटीसारखी झाली की झाकण उघडलं काय आणि नाही काय.

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गिरणीत आम्ही अख्खं खातं ओलं करायचो, आणि इथे मी एका पेटीच्या झाकणावर अडून बसलो होतो.

आंटींच्या न्हाणीत गॅसचा गिझर होता. दोन बालद्या आणि एक टब कढत पाण्याने भरले, दार लावलं. थोड्या वेळाने आरसा दिसेनासा झाला, फरशांवरून पाणी ओघळायला लागलं. वायर ओढून पेटी स्टुलावर ठेवली. त्या एवढ्याशा न्हाणीत आम्ही तिघं घामाने निथळत उभे. माझा मीटर ऐंशीच्या वर. आंटींना चष्म्यातून काही दिसेना, म्हणून त्यांनी तो काढून माझ्या खिशात घातला.

मी झाकण उचललं. प्राजक्ताने अंडं तळहातावर घेतलं. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने ती भोकाच्या कडा ओल्या करत राहिली. ओढायचं काहीच नाही, एवढं मी सांगितलं. पापुद्र्यात अजून रक्त वाहत असतं, फाटला तर पिल्लू जातं. तिला ते सांगायची गरज नव्हती. तिची बोटं इतकी हलकी चालत होती की अंडं हललंसुद्धा नाही. पापुद्रा मऊ पडला, तेव्हा तिने भोकाशेजारचा कवचाचा इवलासा तुकडा नखाने उचलला. चोच जरा पुढे आली. आतून एक बारीक आवाज आला.

‘बोलतंय,’ आंटी म्हणाल्या.

अंडं पंख्यापासून दूर, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं आणि झाकण लावलं. पुढचं काम त्याचं होतं. प्राजक्ताला ड्युटीला जायचं होतं. जाताना तिने काचेतून परत एकदा पाहिलं आणि सकाळी येते म्हणाली, कोणाला ते न सांगता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकरच गेलो. पेटीत नऊ पिल्लं होती. त्या एकाचं अंग अजून पुरतं सुकलं नव्हतं, मान एका बाजूला कलायची, पण पाय रोवून उभं राहायचा प्रयत्न चालू होता. आंटींनी ते पहाटे बाहेर आलेलं पाहिलं होतं. किती वाजता, कसं, सगळं मला दोनदा सांगितलं. मी पेटीतून सुकलेली पिल्लं काढून बल्बखालच्या खोक्यात सोडत होतो, तेवढ्यात फाटक वाजलं.

प्राजक्ता इस्पितळातून सरळ इथेच आली होती, खांद्याला बॅग, डोळे तारवटलेले. परत दारापाशीच थांबली. आंटी उठल्या, पेटीतून ते ओलसर पिल्लू उचललं आणि जाऊन तिच्या हातात दिलं. तिने बॅग तशीच खाली सोडली आणि दोन्ही हात जोडून वाटी केली.

‘आत ये,’ आंटी म्हणाल्या. ‘चहा पी, मग जाऊन झोप.’

ती आत येऊन खुर्चीवर बसली. पिल्लू तिच्या तळव्यात डोळे मिटून घेत होतं. आंटींनी चहाचं आधण ठेवलं आणि आतूनच विचारलं, आजीकडे कुठल्या कोंबड्या आहेत, तुऱ्याच्या की साध्या. प्राजक्ता सांगायला लागली. मग आजीला फोन लावू का म्हणाली. पुढच्या महिन्यात ती गावी जाणार होती, येताना एक चांगला कोंबडा आणता येईल का, यावर दोघींचं बोलणं सुरू झालं. कसा आणायचा, कशातून आणायचा, सकाळी कुठे झाकून ठेवायचा.

पिल्लं निघाल्यावर पेटीला फार वास मारतो. लगेच धुतली नाही तर पुढच्या अंड्यांना बाधतं. मी ट्रे, खाचा, जाळी सगळं उचललं आणि न्हाणीत जाऊन घासायला बसलो. बाहेर माझा चहा निवत होता, पण दोघींपैकी कोणालाच ते सांगायचं सुचलं नाही.